चौकातून खोलीकडे

"सगळं झालंय म्हणतो. फक्त पान क्रमांक राहिलेत." प्रकाशकाचा फोन ठेवून उंबरजे सर बाहेरच्या खोलीत आले. "प्रत्येक उताऱ्याखाली मूळ पुस्तकातलं पान सांगा म्हणे. आता आपल्या मोस्यूला पान क्रमांक आहेत कुठं?"

"इतकी वर्षं नव्हते, तेव्हा काही अडलं नाही," मंगरुळे वकील म्हणाले. "टाका अंदाजे. कोण बघायला येतंय?"

"वकील, हे काय साक्षीदाराचं वय आहे अंदाजे टाकायला?"

आतून सरांच्या पत्नी नीलाकाकूंचा आवाज आला. "पुढच्या रविवारी प्रकाशन झालं की त्या मोस्यूला म्हणावं, आता मुक्काम हलवा. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसलाय."

आम्ही सगळे हसलो. सरसुद्धा हसले, पण हात मांडीवरच्या त्या जाडजूड काळ्या बांधणीच्या पुस्तकावरून फिरवतच.

मोस्यू म्हणजे एक फ्रेंच तत्त्वज्ञ. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण आमच्या शनिवारच्या मंडळात त्याला कुणी कधी नावानं हाक मारलीच नाही. सोलापुरात, सरांच्या घरी, दर शनिवारी दुपारी आम्ही पाचसहाजण जमायचो आणि मोस्यूचं एक पान वाचायचो. एका शनिवारी एकच पान. सर फ्रेंच शिकले ते शब्दकोश आणि व्याकरणाचं एक फाटकं पुस्तक घेऊन, स्वतःच. उच्चार ऐकले तर पॅरिसमधला माणूस रडला असता. पण एकेका वाक्याशी ते असे झटायचे, की ते वाक्य शेवटी आपण होऊन मराठीत यायचं. मंडळाचा नियम एकच होता. पान वाचून झालं की ते घरी जाऊन आईला कसं सांगाल, तसं सांगायचं. मोठा शब्द वापरला की सर हात वर करायचे, "आईला कळलं नाही."

माझी अम्मा विड्या वळायची. सत्ता म्हणजे काय यावर मोस्यूचं एक मोठं प्रकरण आहे. ते मी पहिल्यांदा असं सांगितलं होतं, "जो आपल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो आणि का काढल्या ते त्याला कुणी विचारू शकत नाही, तो." सरांनी हात वर केला नाही. मग म्हणाले, "अनसूया, मोस्यूनं याला बारा पानं घेतलीत."

त्या एका वाक्यावर मी तत्त्वज्ञानात एम. ए. केलं, विद्यापीठात फ्रेंचची पदविका घेतली आणि पुढं आयुष्यभर याच वाटेनं गेले. सरांसारखा माणूस मी परत पाहिला नाही. जिल्ह्याच्या गावात, एका साध्या कॉलेजात तर्कशास्त्राचे तास घेत, ज्या पुस्तकाचं नाव आसपास कुणी ऐकलेलं नव्हतं त्यावर त्यांनी आपली उमेदीची वर्षं खर्ची घातली होती. आणि त्याचं फळ आता छापून यायचं होतं. सरांच्या पुस्तकाचं नाव 'चौकातून खोलीकडे'.

नाव असं का, ते सांगायला हवं. मोस्यूच्या पुस्तकाचे पाच भाग. आतल्या पानांवर भागांना ना मथळे, ना क्रमांक. पहिला भाग चौकाबद्दल. माणसं एकत्र जमतात, ओरडतात, मागतात, त्याबद्दल. मग कारखाना, मग मैत्री, मग घर, आणि शेवटचा भाग खोलीबद्दल. एकटा माणूस दार लावून खिडकीशी बसतो. सरांचं म्हणणं, हा सगळा प्रवास शहाणपणाचा आहे. चौकात माणूस स्वतःला हरवतो आणि खोलीत येऊन सापडतो. मोस्यू अधूनमधून पुढं येणाऱ्या गोष्टीला 'आपण मागं पाहिलंच आहे' असं म्हणायचा. यावरून सरांनी एक मोठा सिद्धांत मांडला होता, की मोस्यूच्या मते स्मृती मागून येत नाही, पुढून येते. त्यावरचा त्यांचा लेख एका त्रैमासिकात आला, पुण्यातल्या चर्चासत्रात मोठमोठ्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं तर त्या लेखाची मी पारायणं केली होती.

पान क्रमांक नसण्याचं कारण साधं होतं. सरांचा एक मित्र पॅरिसला शिकत होता. आणीबाणीनंतर दोनएक वर्षांनी त्यानं कुणा येणाऱ्याबरोबर या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली. पाच भागांचे पाच गठ्ठे, टाचण्या मारलेले, एकावर एक रचलेले. सरांनी ते इथल्या बुकबाइंडरकडं दिले. त्यानं टाचण्या काढल्या, गठ्ठे होते तसे शिवले आणि कडा सारख्या करायला खालून यंत्रावर असे कापले, की क्रमांक सगळे गेले.

"मी पुण्याला जाते सर," मी म्हणाले. "तिथल्या ग्रंथालयात मोस्यूची मूळ प्रत आलीय असं ऐकलंय. सगळे क्रमांक उतरवून आणते."

"जा. आणि मला सांग, कागद कसा आहे त्याचा. मी पुस्तक कधी पाहिलेलंच नाही गं." हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

सोमवारी सकाळी बसस्टँडला जाताना जिल्हा परिषदेच्या फाटकासमोर विडी कामगार बायकांचा मांडव दिसला. कारखानदारांनी कारखाने बंद ठेवले होते. पानं नाहीत, तंबाखू नाही, आणि छाटीचा जाच थांबवा म्हणणाऱ्यांनी आधी माफी मागावी, असं त्यांचं म्हणणं. बायका रिकामी सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यात माझी अम्माही. तिनं मला पाहून सूप हलवलं. सरांचा कॉलेजला जायचा रस्ता हाच. पण मांडव उभा राहिल्यापासून ते पलीकडच्या बाजूनं, मान खाली घालून जायचे. मला वाटायचं, वाचत वाचत चालायची सवय आहे म्हणून.

पुण्याच्या त्या ग्रंथालयात मोस्यू माझ्या हातात आला तेव्हा मी आधी त्याचा कागद पाहिला. जाडसर, पिवळट, कडेला किंचित खडबडीत. सरांना सांगायला शब्द जुळवले. मग मुद्रितांचा गठ्ठा काढला आणि सरांनी पुस्तकाच्या आरंभी घेतलेला पहिला उतारा शोधायला लागले. पहिल्या भागाचं पहिलं वाक्य, "चौकात उभ्या माणसाला पाठ नसते."

पहिल्या पानावर ते नव्हतं. तिथं खोली होती. खिडकी होती, एकटा माणूस होता.

म्हटलं, आवृत्ती वेगळी असेल. चौक मला सापडला तो अगदी शेवटाकडं. मग मी कारखाना शोधला, तो चौकाच्या आधी. मैत्री मधोमध. घर त्याच्या आधी. पुस्तकाच्या पार शेवटी अनुक्रमणिका होती. फ्रेंच पुस्तकांत ती शेवटीच असते, आणि मित्रानं तेवढंच पान झेरॉक्स केलं नव्हतं. त्या अनुक्रमणिकेत पाची भाग ओळीनं उभे होते. खोली, घर, मैत्री, कारखाना, चौक.

मी हसले. अगदी तोंडावर हात दाबून हसले. एकेक भाग झेरॉक्स करून मित्र गठ्ठ्यावर गठ्ठा ठेवत गेला असणार. पहिला सगळ्यात खाली, शेवटचा सगळ्यात वर. आणि बाइंडरनं वरून खाली शिवलं. मोस्यू जिथं जिथं 'आपण मागं पाहिलंच आहे' म्हणत होता, तिथं तिथं ते खरोखरच मागं होतं. पुढून येणारी स्मृती वगैरे काही नव्हतं. भला माणूस सरळ बोलत होता आणि आम्ही सगळे विद्वान माना डोलवत होतो.

मग हसू ओसरलं. समोर मुद्रितं होती. वर ठळक अक्षरांत नाव, 'चौकातून खोलीकडे'. हे नावच चूक होतं. आतलं प्रत्येक प्रकरण त्या चुकीच्या पायावर उभं होतं, आणि रविवारी मुंबईहून पाहुणे यायचे होते.

मी शेवटचं पान उघडलं. मोस्यूचं पुस्तक खरोखर कुठं संपतं ते पाहिलं. चौकात एक अनोळखी माणूस येतो, कडेला उभा राहतो, त्याला काय बोलावं सुचत नाही. आणि शेवटचं वाक्य, "बसलेला माणूस काही न बोलता थोडा सरकला." हे वाक्य आम्ही कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी वाचलं होतं. सरांनी त्यावर फार वेळ घालवला नव्हता. त्यांच्या पुस्तकात त्याबद्दल एकच ओळ होती. "पहिल्या भागाच्या शेवटचं हे वाक्य किरकोळ आहे."

तरी मी सगळे क्रमांक उतरवले. दुसरं काय करणार होते?

बुधवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा अम्मा मांडवातून परतली होती. तिनं ताट वाढलं. मी नुसता भात चिवडत बसले.

"काय झालं गं? कुणी काय बोललं का पुण्यात?"

"अम्मा, सर इतकी वर्षं जे पुस्तक वाचत होते ना, ते उलटं शिवलेलं होतं. आधीचं मागं आणि मागचं पुढं. आता त्यांचं पुस्तक चुकलं."

"मग सांग की जाऊन."

"कसं सांगू? त्यांचा जन्म गेला त्याच्यात."

अम्मा माझ्याकडं बघत राहिली. "जन्म गेला व्हय? त्याच्या आधी पन होता की त्यांचा जन्म. तुला कुणी सांगितलं नाही का?"

"काय?"

"मिलचा संप. तुझा बाप गेटसमोर बसला तो कुणाच्या शब्दावर? उंबरजे मास्तरच्या. तवा मास्तर जवान होते. कॉलेज सुटलं की गेटवर. असं बोलायचे, असं बोलायचे, की बाया भाकऱ्या थापायच्या सोडून ऐकायच्या. आनीबानीत जेलात जाऊन आले, परत येऊन गेटवर बसले."

बाबांचं काम संपात गेलं हे मला माहीत होतं. संप कुणाचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतली कामं संपात गेली होती. सर तुरुंगात जाऊन आलेत हेही माहीत होतं, पण ते आम्हाला एखाद्या पदवीसारखं वाटायचं.

"तू कधी बोलली नाहीस."

"तू त्यांच्याकडं शिकलालीस. चांगलं शिकलालीस. कशाला बोलू?"

"राग नाही तुला त्यांचा?"

अम्मा चुलीपाशी गेली, विनाकारण एक भांडं हलवलं आणि परत आली. "संप बुडाला त्याचा राग नाही. संप करायला सगळ्यांनीच हात वर केलेते, तुझ्या बापानं पन. पुढारी दुसरेच होते, त्यांनी मालकाशी आतनं मिटवलं. मास्तरला पन फसवलं. पन बुडाल्यावर एकदा तरी येऊन बसायचं का नाही घरात? तुझा बाप रोज दाराकडं बघायचा. मास्तर येतील म्हनायचा. जाईपर्यंत म्हनायचा."

ती रात्र मी तशीच काढली. मला सरांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्यांची कीव येत होती, आणि या दोन्हींच्या खाली माझी त्यांच्यावरची जुनी भक्ती जागच्या जागी होती, हललीसुद्धा नव्हती. हे तिन्ही एकाच वेळी मनात राहू शकतं हे मला त्या रात्री कळलं.

गुरुवारी सकाळी गेले. दार काकूंनी उघडलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "सापडलं नाही होय पुस्तक?"

"सापडलं."

"मग असं सुतकी तोंड करून काय उभी आहेस? ये आत."

सर उत्साहानं उठले. "कागद कसा आहे?"

"जाडसर आहे सर. पिवळट. कडेला जरा खडबडीत लागतो हाताला."

"वा," ते म्हणाले आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. मग मुद्रितं घेतली. पहिल्या उताऱ्याखाली मी शिसपेन्सिलीनं लिहिलेला आकडा पाहिला. "दोनशेच्या पुढं? पहिल्याच उताऱ्याला?"

त्यांनी पानं उलटली. कारखान्याचा आकडा पाहिला. तो पहिल्यापेक्षा लहान. मैत्रीचा त्याहून लहान. चौथ्या भागापर्यंत ते गेलेच नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेवटी काय आहे?"

"चौक."

"आणि खोली आरंभी."

"हो सर."

काकू चहा घेऊन आल्या. सर त्यांच्याकडं बघून म्हणाले, "नीला, अगं, मी पुस्तक उलटं वाचलंय."

"तरीच," काकू म्हणाल्या.

"तरीच काय?"

"तरीच इतकी वर्षं संपत नव्हतं."

सर हसले. असे हसले की बशीतला चहा सांडला. काकूही हसल्या, मीही. सर डोळे पुसत होते आणि हसत होते, आणि मग हसायचं थांबले तरी डोळे पुसतच राहिले. काकूंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"शेवटचं वाक्य कुठलं आहे मग?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. "बसलेला माणूस काही न बोलता थोडा सरकला."

"ते? ते किरकोळ वाक्य?"

"तेच, सर."

तेवढ्यात मंगरुळे वकील आले. त्यांनी हॉल ठरवला होता, हारांची ऑर्डर दिली होती, स्वागताचं भाषण पाठ केलं होतं. सगळं ऐकून ते मटकन खाली बसले. पण वकीलच ते, लगेच सावरले.

"सर, महाराष्ट्रात हे पुस्तक मुळातून वाचलेला एक माणूस दाखवा मला."

"ही काय बसलीय समोर."

"ही आपलीच आहे हो. बरं, ते राहू द्या. मी दुसरं विचारतो. उलटं का असेना, तुम्ही जे लिहिलंत ते काय वाईट आहे? चांगलं आहे, खोल आहे. लोकांना पटलंय. मोस्यूचं नसेल, तुमचं म्हणून छापा. त्यात खोटं काय?"

प्रश्न फालतू नव्हता. सर त्यावर खरोखर विचार करत बसले. शनिवारी एखाद्या अवघड वाक्याशी थांबायचे तसे. मग म्हणाले, "वकील, मी त्यात लिहिलंय की मोस्यू चौक सोडून खोलीत गेला. तो गेलाच नव्हता. गेलो मी. मला माझ्याबरोबर कुणीतरी मोठा माणूस हवा होता, म्हणून त्याला ओढत नेलं."

वकिलांनी मुद्रितं उचलून बाजूला ठेवली.

"आणि ते 'मागं पाहिलंच आहे' म्हणतो ना," सर पुढं म्हणाले, "पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं. एखाद्या पोरानं सांगितलं असतं, मास्तर, पानं चुकलीत. पण मला चुकलेली नको होती. मला ती तशीच पाहिजे होती. म्हणून सिद्धांत काढला."

मी बोलणार नव्हते. घरून निघतानाच ठरवलं होतं. पण तोंडातून गेलं. "सर, माझे वडील मिलच्या गेटवर होते."

"माहीत आहे. पहिल्या दिवशी तू आडनाव सांगितलंस तेव्हाच कळलं."

"ते रोज दाराकडं बघायचे. तुम्ही याल म्हणून."

काकूंनी सरांचा हात धरला होता तो तसाच होता. सरांनी उत्तर दिलं नाही. माफी मागितली नाही, कारणं सांगितली नाहीत. त्याचं मला त्या वेळी वाईट वाटलं. आता वाटत नाही. ते उत्तर त्यांनी द्यायचं होतं ते मला नव्हे.

थोड्या वेळानं ते उठले आणि आत जाऊन प्रकाशकाला फोन केला. आम्हाला इकडं ऐकू येत होतं. "नाही, पुढं ढकलायचं नाही. थांबवायचं. हो, छापलेलं मुखपृष्ठसुद्धा. चूक माझी आहे, वाचण्यातली. नाही हो, मुद्रणदोष कसला, त्याला शुद्धिपत्र पुरणार नाही."

शनिवारी मंडळ नेहमीसारखं जमलं. सरांनी ती काळी बांधणी घरीच वस्तऱ्यानं उसवली होती. पाच गठ्ठे पुन्हा सुटे झाले होते. त्यांनी सगळ्यात खालचा काढून वर ठेवला आणि म्हणाले, "पान पहिलं." पन्नाशी उलटलेला माणूस, ज्या पुस्तकावर त्यानं पुस्तक लिहिलं ते पहिल्या ओळीपासून नव्यानं वाचायला बसला. आवाजात कुठं कडवटपणा नाही. उलट एखादी ओळ जमली की मांडीवर थाप मारत होते. मी पुढं देशोदेशीच्या विद्यापीठांत मोस्यूवर बोलणारे पुष्कळ पंडित ऐकले, काहींची फ्रेंच संगीतासारखी होती. पण विद्वत्ता म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मला तो शनिवार आठवतो.

सरांचं पुस्तक पुढं निघालं. बऱ्याच वर्षांनी, निराळ्या नावानं, निम्म्या आकाराचं. प्रस्तावनेत त्यांनी बाइंडिंगची सगळी हकिकत लिहिली आहे आणि 'स्मृती पुढून येते' हा सिद्धांत मी परत घेतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. माना डोलावणाऱ्यांपैकी एकानंही आपली मान परत घेतली नाही. पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं.

त्या दिवशी प्रकाशन व्हायचं होतं. मी अम्माचा डबा घेऊन दुपारी मांडवात गेले. ऊन मी म्हणत होतं. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मांडीवर रिकामी सुपं, कुणी तेलुगूत, कुणी मराठीत बोलत होती, कुणी पदरानं वारा घेत होती. माझी नजर सहज रस्त्यापलीकडं गेली. रसवंतीच्या सावलीत उंबरजे सर उभे होते. प्रकाशनासाठी काकूंनी शिवून घेतलेला नवा पांढरा झब्बा अंगात होता. हातात रसाचा ग्लास होता, पण पीत नव्हते.

"अम्मा," मी म्हणाले.

"बघितलं," अम्मा म्हणाली. "मगाधरनं उभे हायत."

ते किती वेळ तिथं उभे राहिले कोण जाणे. दोनदा एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. तुरुंगात जाऊन आलेला माणूस, पण तो रस्ता ओलांडणं त्यांना जड जात होतं हे मला इथून दिसत होतं. उठून हात धरून आणावं असं फार वाटलं. अम्मानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं.

शेवटी त्यांनी ग्लास ठेवला आणि निघाले. रिक्षा वाजल्या, एक सायकलवाला काहीतरी बोलून गेला. मांडवाच्या कडेला येऊन त्यांनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. कुठं ठेवाव्यात ते समजेना म्हणून तशाच धरून उभे राहिले. जवळपासच्या बायकांचं बोलणं थांबलं. जुन्यांपैकी दोघीतिघींनी त्यांना ओळखलं होतं. तरण्या पोरी नुसत्या बघत होत्या, कोण हा झब्बेवाला म्हणून.

आयुष्यभर शब्दांशी झटलेला माणूस, पण त्यांना शब्द सुचत नव्हता. त्यांनी अम्माकडं पाहिलं.

"नरसुबाई," ते म्हणाले. "फार उशीर केला मी."

अम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही. बाबा होते, राग होता, दाराकडं बघत घालवलेली ती सगळी वर्षं होती. मोस्यू कोण हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याचं शेवटचं वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं.

तिनं मांडीवरचं रिकामं सूप उचललं, दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि काही न बोलता थोडी सरकली.